गवत बघायला गेलो होतो

(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : पहाटेचं सोलापूर स्टेशन. फलाटावर बोचकी, ट्रायपॉड, एक काळं घोंगडं.)

जानेवारीचा पहिला आठवडा. गावात सिद्धेश्वराच्या यात्रेची गडबड सुरू झालेली. होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे या जत्रेचे, पाळणे उभे राहतायत आणि आम्ही पाच जण कुर्ला–कोइमतूर एक्सप्रेसची वाट बघत फलाटावर कुडकुडतोय. घरी शब्द देऊन निघालोय की नंदीध्वजांची मिरवणूक निघायच्या आत परत येतो. सामानात दोन कॅमेरे, कडक भाकरीचा डबा, शेंगाचटणी, चार चादरी आणि ते घोंगडं.

घोंगडं आप्पांचं. आप्पांच्या घरची मेंढरं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर त्यांची उभी हयात गेली. 'जंगल बघायला केरळात चला' म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तिथं गवत हाय का?"

गवतच बघायला निघालो होतो.

(दृश्य : गाडीच्या खिडकीतून नारळाच्या बागा. मग अचानक काटेरी झुडपं, लाल माती, निवडुंग.)

कोइमतूरला उतरून जीप केली. पोल्लाची, उडुमलपेट, आणि पुढे डोंगराच्या पायथ्याशी केरळची हद्द. इथे चिन्नार अभयारण्य लागतं. आता ही चित्रं नीट बघा. बोरी, बाभळी, काटेरी निवडुंग, मधेच उघडा खडक. आवाज बंद करून कुणाला दाखवलं तर तो म्हणेल, हे मोहोळकडचं आहे किंवा सांगोल्याकडचं. आम्हीही एकमेकांकडे बघून हसलो. बाराशे किलोमीटर आलो आणि पुन्हा घरीच.

त्याचं कारण पाऊस. नैर्ऋत्येकडून येणारे ढग डोंगराच्या पश्चिम अंगावर रिकामे होतात आणि पूर्वेच्या अंगाला उरलंसुरलं मिळतं. चिन्नारला वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर. आपल्या सोलापूरचा आकडाही याच्याच घरातला. त्यांच्या आणि पावसाच्या मधे अनैमलैचे डोंगर उभे, आपल्या आणि पावसाच्या मधे सह्याद्री. त्यांचाही बराचसा भरवसा आपल्यासारखाच पावसाळा सरत आल्यावरच्या पावसावर. पर्जन्यछाया हा शब्द आपण शाळेच्या भूगोलात पाठ केला. तिचा दुसरा तुकडा कसा दिसतो, ते इथे पहिल्यांदा बघितलं.

चिन्नारच्या पुढे एक हत्ती रस्ता ओलांडून गेला. तेव्हा कॅमेरा पिशवीत होता. म्हणून या फिल्ममध्ये हत्ती नाही.

(दृश्य : मरयूर. तारेच्या कुंपणामागे चंदनाची झाडं. काहिलीत उकळणारा रस.)

मरयूर. चंदनाचं राखीव जंगल आणि गुऱ्हाळं. गूळ हातानं वळून गोळे करतात, एवढाच काय तो फरक. गुऱ्हाळ आपल्याला नवं नाही, पुढे चला.

रस्ता वळणं घेत चढत जातो आणि तासाभरात झुडपांची झाडं होतात, झाडांचे चहाचे मळे होतात. मळ्यांच्या वरच्या अंगाला ढगात शिरलेले पिवळट-हिरवे उतार दिसायला लागले, की एरविकुलम राष्ट्रीय उद्यान आलं. जिल्हा इडुक्की, क्षेत्रफळ ९७ चौरस किलोमीटर. अनैमुडी याच उद्यानात आहे. २,६९५ मीटर. हिमालय सोडला तर त्याच्या दक्षिणेला भारतात याहून उंच शिखर नाही.

(दृश्य : फाटकापाशी रांग. वन खात्याची बस. काचेवर धुकं.)

सगळं उद्यान काही आपल्याला उघडं नाही. राजमलै नावाचा एक कोपरा तेवढा पर्यटकांसाठी आहे. आपली गाडी खाली ठेवायची, तिकीट काढायचं आणि वन खात्याच्या बसमधून वर जायचं. तिथून पुढे डांबरी वाट, वाटेवरूनच चालायचं. उताराकडे पाय टाकला की शिट्टी वाजते. आप्पांना दोनदा वाजली. गवत दिसल्यावर त्यात शिरायचं नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला.

(दृश्य : कठड्याशेजारी उभी मादी. चेहरा जवळून. रवंथ. ओल्या केसांवर थेंब.)

ही निलगिरी ताहर. स्थानिक नाव वरैयाडू. तमिळमध्ये वरै म्हणजे कडा आणि आडू म्हणजे शेळी, तेव्हा ही कड्यावरची शेळी. फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, केरळ आणि तमिळनाडूच्या उंच डोंगरांवर सापडते. जगात आणखी कुठे नाही. एकट्या एरविकुलममध्ये ८०० च्या आसपास आहेत, एका जागी इतकी संख्या दुसरीकडे नाही. तमिळनाडूनं तर तिला राज्यप्राण्याचा मान दिलाय.

आम्ही तिच्यापासून चार पावलांवर होतो. तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. कॅमेऱ्याला तिनं फाट्यावर मारलं म्हणा ना.

आप्पा वाकून वाकून बघत होते. मग म्हणाले, "ही शेळी न्हाय."

का?

"नराला दाढी कुठाय? बोकडाला दाढी नको? ही मेंढराकडची जात हाय."

आम्ही हसलो. संध्याकाळी खोलीवर येऊन वाचलं तेव्हा हसू थांबलं. पूर्वी या प्राण्याला हिमालयातल्या ताहरचा भाऊबंद समजत. २००५ साली डीएनए तपासल्यावर कळलं की हिचं नातं मेंढीशी जास्त जवळचं. तेव्हापासून हिची प्रजाती (जीनस) स्वतंत्र, निलगिरिट्रॅगस.

(दृश्य : कड्याच्या टोकावर मोठा नर. पाठीवर चंदेरी डाग.)

हा पोक्त नर. वय वाढेल तसा रंग गडद होतो आणि पाठीवर, खोगीर घालतात तिथे, असा चंदेरी पट्टा उमटतो. शिंगं नर-मादी दोघांनाही असतात, मागे वळलेली. खडकावरून उतरताना खुरांकडे लक्ष द्या. एक दगड सुटत नाही.

(दृश्य : मादीचं पोट, मागचे पाय. पलीकडे आईला चिकटून एक पिल्लू.)

"कास बघा," आप्पा म्हणाले, "आठ-पंधरा दिसांत विणार." जानेवारी-फेब्रुवारी हाच यांचा विण्याचा हंगाम. एका वेळी बहुधा एकच पिल्लू. त्यासाठी दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्च हे दोन महिने उद्यान पर्यटकांना बंद असतं. केवढा महसूल बुडत असेल, तरी बंद म्हणजे बंद.

यापुढची चाळीस सेकंदं पिल्लाची. निवेदन नाही.

(दृश्य : पिल्लू खडकावर चढतं, घसरतं, पुन्हा चढतं. फक्त वाऱ्याचा आवाज.)

(दृश्य : उंचावरून दरी. गवताचे उतार, घड्यांमध्ये गडद झाडांचे पुंजके.)

आता आमच्या मुद्द्यावर येतो. डोंगराच्या घडीत, जिथे पाणी मुरतं आणि माती खोल आहे, तिथे ही झाडी दिसते. तिला शोला म्हणतात. (सोलापूरशी काही संबंध नाही, आधीच सांगतो. प्रवासभर हा विनोद ऐकून झालाय.) झाडं बुटकी, शेंडे एकमेकांत गुंतलेले, खोडांवर शेवाळाचा गालिचा. आणि घडीतून बाहेर एक पाऊल टाकलं की झाडी संपते. विरळ होत वगैरे नाही, कात्रीनं कापल्यासारखी. तिथून पुढे माथ्यापर्यंत गवत.

इतका पाऊस पडतो, मग उतारावर झाडं का नाहीत? आम्हालाही हाच प्रश्न पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे मुन्नारजवळच्या एका सपाटीवर हे चित्रण केलं.

(दृश्य : पांढरं पडलेलं गवत, जवळून. पात्याच्या कडेनं बर्फाचे दाणे.)

हे गोठलेलं दहिवर. थंडीच्या रात्री उघड्या जागेवरची उष्णता भराभर उडून जाते आणि गवतावर असा बर्फ धरतो. गवताला त्याचं काही वाटत नाही, त्याचा जीव मुळाशी असतो. शोलातल्या झाडाचं रोप मात्र अशा दोन रात्रीत करपतं. झाडीच्या छपराखाली ऊब टिकते, म्हणून रोप तिथेच वाढतं. यात वाऱ्याची, उथळ मातीची आणि वणव्याचीही भर पडते. असे दोन संसार शेजारी-शेजारी, एकमेकांच्या उंबऱ्याला न शिवता.

एक गैरसमज इथे काढून टाकायला हवा. गवत दिसलं की आपण म्हणतो, पूर्वी जंगल असणार, कुणीतरी तोडलं. निलगिरी डोंगरातल्या दलदलींत साठत गेलेल्या मातीचे थर शास्त्रज्ञांनी तपासले. गवतानं मागे ठेवलेला कार्बन आणि झाडानं ठेवलेला कार्बन वेगळा ओळखता येतो. २० हजार वर्षांपूर्वीच्या थरातही गवत निघालं. लोखंडी कुऱ्हाडीचा शोध लागायच्या आधीपासून म्हणा हवं तर.

(दृश्य : घोंगड्याची लोकर जवळून. त्यात अडकलेलं एक कुसळ.)

हे चित्रण ठरवून केलेलं नाही. राजमलैच्या वाटेवर धुकं इतकं दाट झालं की समोरचं दिसेना, म्हणून कॅमेरा बंद करत होतो. आप्पांनी हाक मारली. त्यांच्या घोंगड्यात नान्नजच्या माळावरचं कुसळ अडकून आलं होतं. डोंगरी कुसळ. टोक सुईसारखं, मागे काळी केसाळ शेपटी, दोरीसारखा पीळ पडलेली. कोरडं असेपर्यंत निमूट पडून असतं. धुक्याचा ओलावा लागला आणि पीळ उलगडायला लागला.

बघा, शेपटी फिरतेय. घड्याळाच्या काट्यासारखी, हळूहळू. माळावर पाऊस पडला की असंच होतं. भिजलं की उलगडतं, वाळलं की पुन्हा पीळ धरतं आणि प्रत्येक फेऱ्याला बी मातीत थोडं खाली जातं. मेंढपाळ याला शिव्या घालतो, कारण ते लोकरीत शिरतं, कधी कातडीतही. आयुष्यभर शिव्या घालणारा माणूस त्या दिवशी दहा मिनिटं ते तळहातावर धरून उभा होता. मग त्यांनी ते काड्यापेटीत घातलं. तिथलं काही आणायचं नाही हा नियम, आणि आपलं तिथं टाकायचं नाही हे आप्पांचं.

(दृश्य : जुना चहामळा, दगडी बंगला. मग उतारावर चालणारे वनरक्षक.)

हे गवत टिकलं कसं, त्याची गोष्ट गमतीची आहे. १८७७ मध्ये पूंजारच्या राजाकडून इंग्रजांनी हे डोंगर खंडानं घेतले आणि चहा लावत वर सरकले. वरचे उतार चहाला फार थंड, म्हणून शिकारीसाठी ठेवले. १९२८ मध्ये मळेवाल्यांनी शिकार राखण्यासाठी संघटना काढली आणि राखणीला ठेवले मुथुवान आदिवासी. मुथुकु म्हणजे पाठ. ओझं पाठीवर वाहणारे ते मुथुवान. थंडीत गवताचे ठराविक पट्टे जाळायचे, म्हणजे कोवळं गवत फुटतं आणि मोठा वणवा अडतो, ही जाण त्यांची. १९७१ च्या कायद्यानं जमीन सरकारकडे आली. ती वाटून टाकायचा विचार मागे पडला आणि १९७५ मध्ये अभयारण्य, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. मुथुवान आजही राखणीवर आहेत. लक्कमकुडी ही त्यांची वस्ती. तिथे चित्रण केलं नाही.

नीलकुरिंजीबद्दल सगळे विचारतात. आपल्या कारवीची बहीण. कारवी सात वर्षांनी फुलते, ही बारा. २०१८ ला फुलली, आता २०३०. आमच्याकडे नुसत्या झुडपांचं चित्रण आहे, ते दाखवण्यात अर्थ नाही.

(दृश्य : ओढा, दगडांवरून पाणी. मग धबधबा.)

हे पाणी पांबार नदीचं. जानेवारीत वर पाऊस नाही, तरी वाहतंय, कारण गवताच्या मुळांनी ते धरून ठेवलंय. पांबार खाली चिन्नारच्या त्या काटेरी रानातून जाते, पुढे अमरावती होते आणि कावेरीला मिळते. उडुमलपेटचा ऊस तिच्यावर. आपल्याकडे भीमाशंकरला पडलेला पाऊस उजनीत येतो आणि सोलापूरच्या नळाला येतो, तसंच.

(दृश्य : वॅटलची दाट, काळपट रांग. गवताचा मागमूस नाही.)

हा वॅटल नावाचा वृक्ष. ऑस्ट्रेलियातून आणला, सालीसाठी आणि सरपणासाठी. 'मोकळी जागा पडून आहे' म्हणून गवतावर लावला. याच्याखाली ताहर चरत नाही. शेजारच्या अनैमुडी शोला उद्यानात तो काढून गवत परत लावायचं काम सुरू आहे.

(दृश्य : नान्नज. सकाळचं ऊन लागलेलं पिवळं गवत. मचाण.)

गड्डा झाला. पुढच्या आठवड्यात आम्ही नान्नजला गेलो. सोलापूरपासून वीस-एक किलोमीटर, बार्शी रस्त्याला. इथेही मोकळी जागा म्हणून गिरिपुष्पाची झाडं लावली गेली. सातबारावर या जमिनीला पड म्हणतात. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं तेव्हा कागदावर जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर होतं, आता १,२२२ आहे. माळढोक उघड्या जमिनीवर घालतो ते एक अंडं. आणि आता त्याच्या उडायच्या वाटेत विजेच्या तारा आहेत.

(दृश्य : काळविटांचा कळप. दोन नर समोरासमोर. मागे चंडोल गातोय.)

मचाणावर तीन सकाळी बसलो. आप्पांनी काड्यापेटी उघडून कुसळ पुन्हा माळावर टाकलं, ते चित्रण हललंय म्हणून घेतलं नाही. काळवीट आहेत, भरपूर आहेत. लांडग्याचे ठसे आहेत, ते शेवटी येतील.

माळढोकाचं चित्रण आमच्याकडे नाही.