कोबोको आणि आईचा डोळा

नमस्कार मंडळी. आजच्या पत्रिकेत विषय छापलाय, 'नायजेरियन घरांतली शिस्त: मार, कायदा आणि परदेश'. तिन्हींवर बोलायचं आहेच, पण माझं म्हणणं काय ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्ये कुठे भरकटले तरी तुम्हाला धागा सापडेल. नायजेरियातली मुलं ज्या शिस्तीसाठी ओळखली जातात, ती शिस्त माराने आलेली नाही. ती दुसऱ्याच गोष्टींनी येते आणि श्रेय मात्र छडी घेऊन जाते. मी हे तिथल्या माझ्या मैत्रिणींना, सहकाऱ्यांना, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. त्यांना ते पटत नाही. आज तुम्हाला सांगून बघते.

लागोसला इकेजा-इलुपेजूत राहून आलेले काही चेहरे मला समोर दिसतायत. त्यांना कोबोको म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कोबोको हा गुराच्या कातड्याचा पीळ दिलेला चाबूक, मूळचा उत्तरेतल्या हौसा मुलखातला. नैऋत्येकडच्या योरुबा लोकांच्या घरात असते ती पान्केरे, वेताची बारीक छडी. ती कपाटावर ठेवलेली असते, भिंतीपासून जरा पुढे, म्हणजे टोक खालून दिसत राहतं. आणि न मारता द्यायच्या शिक्षा निराळ्याच. हात वर, डोळे मिटून गुडघ्यांवर बसायचं. किंवा 'पिक पिन': एक पाय मागे हवेत, कमरेत वाकून एका हाताचं बोट जमिनीला टेकवायचं आणि तसंच राहायचं. पाच मिनिटांत मांडी थरथरायला लागते. नाकाच्या शेंड्यावरून घाम बोटापाशी टपकतो. मी शाळेत रांगेने अशी मुलं वाकलेली पाहिलीत.

आम्ही तिकडे गेलो कसे, तेही थोडक्यात. 1979 मध्ये योरुबा मुलखातल्या राज्यांत तिथले नेते अवोलोवो यांच्या पक्षाची सरकारं आली आणि माध्यमिक शिक्षण फुकट झालं. ओयो राज्यात बोला इगे गव्हर्नर होते. शाळा रातोरात भरल्या. शिक्षक कुठून आणायचे? घानातून आणि आपल्याकडून. गणित, भौतिकशास्त्र शिकवायला भारतातून माणसं गेली, त्यांत आम्ही नवरा-बायको. पुढे जानेवारी 1983 मध्ये कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना, मुख्यतः घानाच्या, देश सोडायचा हुकूम निघाला. लाखो माणसं त्या मोठ्या चौकडीच्या पिशव्या घेऊन निघाली, आणि आमच्या शाळेतले निम्मे शिक्षक दोन आठवड्यांत गेले. उरलेल्यांच्या वर्गांत साठ-सत्तर मुलं कोंबली. हे मी विषय सोडून सांगत नाहीये. वर्गातल्या छडीचं मोठं कारण ही संख्या आहे. सत्तर मुलांवर कोणाची नजर पुरणार? जिथे नजर पुरत नाही तिथे वेत फिरतो. 'परंपरा', 'परंपरा' म्हणतात, पण निम्मा मार हा गर्दीचा आहे.

आता घरातलं बघू. आमची शेजारीण बाजारात कापड विकायची. तिला सगळे मोठ्या मुलीच्या नावाने, अमकीची आई म्हणूनच हाक मारत. मुलं पाच. एका संध्याकाळी मी शंकरपाळ्यांची ताटली घेऊन गेले. तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा अंगणातून धावत आला आणि माझ्यासमोर दोन्ही तळवे टेकवून पालथा झाला. दोबाले. वडीलधाऱ्यांना मुलग्यांनी असा नमस्कार करायचा, मुलींनी गुडघे टेकायचे. मी ताटली पुढे केली. त्याने ताटलीकडे पाहिलंच नाही. त्याने पाहिलं आईकडे. आई अंकारा नावाचं छापील सुती कापड कोपरापासून बोटांपर्यंत मोजत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही, फक्त डोळे ताटलीवरून दाराकडे फिरवले. मुलगा म्हणाला, "थँक यू, मा. पोट भरलंय." आणि गेला. चार हात कापड मोजून झाल्यावर तिने पुन्हा एकदा दाराकडे बघितलं. लगेच तो आत आला, उजव्या हाताने एक शंकरपाळा उचलला, गुडघा किंचित वाकवला आणि बाहेर जाऊन खाल्ला. आई एक शब्दही बोलली नव्हती.

हा डोळा काय चीज आहे, हे कोणत्याही नायजेरियन माणसाला विचारा. पाहुण्यांसमोर आईच्या डोळ्याचे पाच-सहा अर्थ असतात आणि चार वर्षांच्या मुलाला ते सगळे पाठ असतात. 'घेऊ नकोस', 'आता घे', 'आत जा', 'पाहुणे गेल्यावर बघते'. शेवटचा कळला की पाहुण्यांनी जाऊच नये म्हणून पोरं त्यांच्यासाठी पुन्हा पाणी आणतात! हसताय, पण हे शिक्षण आहे, आणि ते पहाटेपासून चालू असतं. सहाला उठून हिराच्या झाडूने अंगण झाडायचं, नळावरून पाणी भरायचं, आदल्या रात्रीची ताटं घासायची, मग शाळा. धाकट्याने मोठ्या भावंडाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही. डाव्या हाताने कोणाला काही द्यायचं नाही. या सगळ्याला छडी लागत नव्हती. पाठोपाठची भावंडं एकमेकांना शिकवत होती.

आणि एक दिवस तिने पान्केरे काढली. मुलाला रॉकेल आणायला पाठवलं होतं. उरलेल्या सुट्ट्या पैशांचे त्याने पफ-पफ खाल्ले, ते तळलेले गोड गोळे, आणि घरी सांगायला निघाला की पैसे पडले. पण पफ-पफवाल्या बाईंनीच त्याला हटकलं. "रॉकेलचे पैसे ना हे? आईला विचारलंस?" तिथेच त्याला गुडघ्यांवर बसवलं, चांगलं सुनावलं आणि कानाला धरून घरी आणलं. तिथे गल्लीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हा हक्क असतो, आणि मुलाचे आईवडील त्याबद्दल आभार मानतात. मग घरी पान्केरे. भिंतीपलीकडून मला मोजता येत होतं, मी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने शाळेतल्या मास्तरांना निरोप धाडला, तिथे पुन्हा छड्या. थोड्याशा पफ-पफसाठी तीन ठिकाणी शिक्षा. त्याच्या पोटऱ्यांवर वळ उठले होते, काही ठिकाणी कातडी उकललेली होती, आणि तसाच तो सकाळी अंगण झाडत होता.

त्याच रात्री मात्र तिने त्याला स्वतःजवळ बसवून आपल्या ताटातला माशाचा तुकडा भरवला. योरुबांत म्हण आहे, उजव्या हाताने मुलाला रागवावं आणि डाव्या हाताने जवळ ओढावं. ती हे मनापासून पाळायची. तिच्या प्रेमाबद्दल मला कधीच शंका नव्हती, आजही नाही. पण मी तिला विचारलं, तुझ्या मुलाला पकडलं कोणी? पफ-पफवाल्या बाईंनी. त्याला आपली चूक कळली कधी? त्यांनी हटकलं तेव्हाच, कारण तो तेव्हाच रडायला लागला होता. मग छडीने काय केलं? ती हसली. म्हणाली, "टीचर, तुम्हाला मुलगी एक. पाच वाढवा, मग या." आणि मग गंभीर होऊन जे बोलली, ते तिथला प्रत्येक पालक बोलतो. "बाहेर पोलीस आहेत, शिपाई आहेत. ते समजावून सांगत नाहीत. त्यांच्या हातचा खाण्यापेक्षा माझ्या हातचा खाल्लेला बरा."

हे कारण मी हलकं मानत नाही. त्या देशात ते अनुभवातून आलेलं आहे. पण त्याचं उत्तरही मला त्याच देशाने दाखवलं. डिसेंबर 1983 च्या शेवटच्या दिवशी लष्कराने सत्ता घेतली. मार्च 1984 मध्ये नवे लष्करशहा बुहारी आणि त्यांचे दुय्यम इदियाग्बोन यांनी 'बेशिस्तीविरुद्ध युद्ध' पुकारलं. बसथांब्यांवर रांगा लावायच्या, कचरा टाकायचा नाही, कचेरीत वेळेवर यायचं. हेतूत वावगं काहीच नव्हतं. अंमलबजावणी कोबोकोने. उशिरा आलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना फाटकापाशी बेडूकउड्या मारायला लावत. लागोसच्या एका थांब्यावर मी पाहिलं: टाय लावलेला, हातात फाईल असलेला पन्नाशीचा गृहस्थ रांग सोडून मोलुए बसकडे सरकला. विशीतल्या एका शिपायाने चाबूक उगारला आणि त्याच्या पायांवर ओढला. गृहस्थ मुकाट्याने रांगेत आला. आणि रांगेतले लोक म्हणाले, "बरं झालं, या देशाला हेच पाहिजे."

मंडळी, या प्रसंगावर मी इतकी वर्षं बोलते आहे. घरी शिकवलेल्या रीतीप्रमाणे त्या विशीतल्या पोराने त्या गृहस्थासमोर पालथं व्हायला हवं होतं. वडीलधाऱ्याचा मान हा त्या संस्कृतीचा कणा, आणि तो मान राखण्यासाठीच छडी हवी असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात चाबूक हातात आला की सगळ्यात आधी तो मानच गेला. आणि लोकांना ते चुकीचं वाटलं नाही, कारण मार देणारा बरोबर असतो हे ते लहानपणापासून शिकले होते. म्हणजे शेजारणीची पान्केरे मुलाला शिपायापासून वाचवत नव्हती. ती शिपायासाठी रांग तयार करत होती. ऑगस्ट 1985 मध्ये ती राजवट पडली, आणि थांब्यांवरच्या रांगाही विस्कटल्या. दोबाले मात्र आजही आहे. त्याच्यामागे कधी शिपाई उभा नव्हता.

इथे मला नेहमी रॅन्सम-कुटी घराणं ऐकवतात. अबेओकुटा ग्रामर स्कूलचे मुख्याध्यापक रेव्हरंड इस्रायल रॅन्सम-कुटी, 1931 मध्ये स्थापन झालेल्या शिक्षक संघटनेचे पहिले अध्यक्ष, कडक शिस्तीचे. घरीही वेत, शाळेतही वेत. त्यांचा मुलगा फेला, जगप्रसिद्ध संगीतकार, आईवडिलांच्या माराबद्दल उघडपणे बोलायचा. "बघा, मार खाऊन पोरं कशी झाली!" अहो, त्या घरात आणखी काय होतं तेही बघा. पियानो होता. आणि फुनमिलायो नावाची आई होती, जिने बाजारातल्या बायका संघटित करून अन्यायी कराविरुद्ध असं आंदोलन उभारलं की 1949 मध्ये अबेओकुटाच्या राजाला गादी सोडावी लागली. मुलांनी हे डोळ्यांदेखत पाहिलं. एक मुलगा ओलिकोये बालरोगतज्ज्ञ आणि पुढे देशाचा आरोग्यमंत्री, दुसरा बेको डॉक्टर आणि मानवी हक्कांसाठी तुरुंगात गेलेला. या घराचं सगळं श्रेय वेताला द्यायचं, म्हणजे त्या बाईंवर अन्याय आहे.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. कायदा आणि परदेश दोन्ही राहिलंय, भरभर सांगते.

आधी धर्म, कारण तो वगळून चालत नाही. दक्षिणेतल्या चर्चमध्ये बायबलमधलं शलमोन राजाचं वचन रविवारी ऐकवतात, जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी. उत्तरेतल्या काही निवासी धार्मिक शाळांमध्ये प्रकार आणखी पुढे गेला. सप्टेंबर 2019 मध्ये कडुनाजवळ रिगासा इथल्या एका 'सुधार' शाळेतून पोलिसांनी तीनशेहून जास्त मुलं आणि पुरुष सोडवले, कित्येकांच्या पायांत बेड्या. आईवडिलांनीच त्यांना वळण लावायला तिथे ठेवलं होतं. 2014 च्या राष्ट्रीय पाहणीत निघालं की अठरा वर्षांच्या आत देशातल्या जवळपास निम्म्या मुलांना शारीरिक हिंसा सोसावी लागते.

परदेश. लंडन, ह्यूस्टनला गेलेल्या कुटुंबांत माझं म्हणणं उघड दिसतं. तिथे पफ-पफवाल्या बाई नाहीत, आजी नाही, अंगण नाही. आई नर्स, दोन-दोन पाळ्या. ज्या गोष्टींनी मूल घडत होतं त्या मागे राहिल्या आणि सोबत आला तो फक्त मार. मग तो उघडाबोडका मार मुलाला कळत नाही आणि आईलाही त्यातून काही मिळत नाही. "तुला नायजेरियाला पाठवीन" ही धमकी घराघरांत असते, आणि काही जण खरंच तिकडच्या निवासी शाळेत पाठवतात. मुलं मोठी होऊन आईच्या थपडांवर विनोदी व्हिडिओ करतात. नायजेरियन विनोदकार ताओमाचे व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील, आई तीच, मुलगीही तीच. मलाही हसू येतं, कारण ओळख खरी आहे. पण ते बघून पंचविशीतली मुलं खाली लिहितात, 'म्हणूनच आपण चांगले निघालो', तेव्हा मला त्या सकाळच्या पोटऱ्या आठवतात. स्कॉटलंडने 2020 मध्ये आणि वेल्सने 2022 मध्ये घरातल्या मारावर बंदी आणली. इंग्लंडमध्ये 'वाजवी शिक्षा' अजून चालते, आणि सीमा कुठे हे स्थलांतरित आईला कोणी समजावून सांगत नाही. तिच्या दारात थेट समाजकल्याण खात्याची माणसं येतात.

शेवटी कायदा. नायजेरियाने 2003 मध्ये बालहक्क कायदा केला. त्याच्या 11व्या कलमात मुलाला शारीरिक वा मानसिक इजा करायला मनाई आहे. पण हा केंद्राचा कायदा, प्रत्येक राज्याने तो वेगळा मंजूर करावा लागतो. लागोसने 2007 मध्ये केला, उत्तरेतल्या काही राज्यांना वीसएक वर्षं लागली. आणि तो मंजूर होऊनही दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत इंग्रजांच्या काळातली फौजदारी संहिता जागेवर राहिली. तिचं 295वं कलम सोळा वर्षांखालच्या मुलाला 'सुधारण्यासाठी' मारायला आईबापांना आणि मास्तरांनाही मोकळीक देतं, जखम किंवा गंभीर इजा झाली नाही म्हणजे झालं. उत्तरेच्या दंडसंहितेत 55वं कलम तेच करतं. आपल्याकडे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17व्या कलमाने निदान शाळेतला मार बेकायदा ठरवला. तिकडच्या मुलांसाठी माझी पहिली मागणी ही दोन कलमं रद्द करण्याची आहे, आणि दुसरी एका वर्गात चाळीसच्या वर मुलं न बसवण्याची. केनिया, दक्षिण आफ्रिका, झांबिया इथे घरातल्या मारालाही कायद्याने मनाई झाली आहे. तेव्हा आफ्रिकेत हे चालणार नाही, असं कोणी सांगू नये. वर्गसंख्येचं काय ते प्रश्नोत्तरांत घेऊ. मागच्या रांगेतून एक हात केव्हाचा वर आहे.