जाताना पायी, येताना एसटी

नमस्कार श्रोतेहो. आज मला चालण्याबद्दल बोलायचंय, पण बागेतल्या गोल फेऱ्यांबद्दल नाही, एका गावाहून दुसऱ्या गावाला पायी जाण्याबद्दल. बागेत तुम्ही जिथून निघता तिथंच परत येता, गावाला गेलं की पोचता, कुणीतरी विचारतं, कुठनं आलात? साठीनंतर हा प्रश्न कानावर पडणं मला फार मोलाचं वाटतं.

आम्ही दोघं रिटायर झाल्यावर वाईला राहायला आलो, आणि माझी आवडती वाट म्हणजे वाई, मेणवली, धोम. मेणवली तीनेक किलोमीटर, धोम आठेक. सकाळी सातला निघायचं, मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागं घाटावर दहा मिनिटं टेकायचं, तिथली ती मोठी घंटा बघायची, १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती, आणि पाय मोकळे झाले की पुढं. घाई नाही. परत मात्र चालत यायचं नाही, म्हणजे जाताना पायी, येताना एसटी, हे लक्षात ठेवा. पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तर झाली की २०२२ पासून फुकट, बायकांना तर २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं. आधार कार्ड खिशात असू द्या म्हणजे झालं.

आणि रस्त्याच्या उजव्या बाजूनं चाला. समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे, पाठीमागून येणारी दिसत नाही. उजव्या बाजूनं, परत सांगतो.

सावलीचं मात्र अवघड होत चाललंय. वाई-सुरूर रस्त्यावरचे जुने वड ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल, त्या झाडांखालनं चालताना वैशाख जाणवत नाही. आता रस्त्याकडेला झाडं लावायची म्हटलं की गुलमोहर आणतात, ऐन वाऱ्यात फांदी मोडते त्याची. वड लावा, चिंच लावा, करंज लावा, नातवंडांना सावली मिळेल. असो, मी गोष्ट सांगणार होतो.

दोन वर्षांपूर्वीचा फाल्गुन. शेतात हळद काढून झालेली, ठिकठिकाणी ती शिजत होती, त्या वाफेचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. मेणवली सोडून मी पुढं निघालो तर एक पोरगा दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल थांबवून म्हणाला, बसा काका, सोडतो. मी म्हटलं, नको बाळा, चालतोय. तो म्हणाला, गाडी बंद पडली का? नाही. एसटी चुकली का? नाही रे. मग त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं, काही न बोलता किक मारली आणि गेला.

अर्ध्या तासानं धोमच्या अलीकडं एका वस्तीपाशी सत्तरीच्या पुढच्या एक आजी रस्त्यातच उभ्या. म्हणाल्या, या बाबा, बसा, पाणी प्या. मी बसलो. आतनं भाकरी, झुणका, कांदा आला. खाताना त्यांनी हळूच विचारलं, सुनंशी वाजलं का? मी म्हटलं, नाही हो, मी आपला फिरायला निघालोय. त्या म्हणाल्या, आसंच म्हणत्यात सगळी. तेव्हा मला कळलं की दूधवाल्या पोरानं पुढं येऊन सांगितलं होतं, एक म्हातारं माणूस घर सोडून चाललंय, लक्ष ठेवा.

मग त्या सांगायला लागल्या. त्यांचे मालक एकदा असेच निघाले होते, विहिरीच्या मोटरीवरनं थोरल्या भावाशी कडाक्याचं भांडण झालं आणि कुणाला न सांगता उठून धोमला जाऊन नरसिंहाच्या देवळात बसले. दिवस मावळायला आला तरी पत्ता नाही. आजींनी फडक्यात भाकरी बांधली आणि चालत गेल्या. बघतात तर मालक तिथं कासवाच्या पाठीवरच्या त्या नंदीसमोर, कुंडाच्या काठावर बसलेले. आजींनी एक शब्द विचारला नाही, भाकरी पुढं ठेवली, बाजूला बसल्या. मालकांनी खाल्ली. मग दोघं अंधारात चालत घरी आले, वाटेत कुणीच बोललं नाही. मालकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आजी म्हणाल्या, तवापासनं ह्या रस्त्यानं कोण एकटं पायी चाललं की मी हाक मारती, जेवल्याबिगर पुढं जाऊ देत न्हाय.

श्रोतेहो, माझा घास हातातच राहिला. आठ किलोमीटरच्या त्या रस्त्यावरनं मी कितीदा तरी गाडीनं गेलो होतो, ही वस्ती मला दिसलीसुद्धा नव्हती.

तरी आजींचा विश्वास बसेना. घरी फोन लावा म्हणाल्या, माझ्यासमोर लावा. मी स्पीकरवर लावला. आमच्या सौभाग्यवतींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, अहो, त्यांना विचारा ना, नवी हळद देतील का दोन किलो? तेव्हा कुठं आजी हसल्या. हळद अजून वाळायची होती, म्हणून घरातली गेल्या सालची बांधून दिली, पैसे घेता घेईनात, शेवटी नातवाच्या हातात ठेवले. धोमला देवदर्शन करून मी एसटीनं परत आलो, मांडीवर हळदीची पिशवी.

यंदा नवी हळद घ्यायला आम्ही दोघं जाणार आहोत. सौभाग्यवती मेणवलीपासनं पुढं चालते म्हणाल्यात, गुडघ्याचा पट्टा लावून. आजींना फोन करून कळवलंय, त्यांनी एकच विचारलं, भाकरी ज्वारीची चालंल का बाजरीची.

नमस्कार.