शेजाऱ्याला बोलते करताना

मित्रहो,

छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्राच्या सकाळच्या कार्यक्रमात येणारा पाहुणा मोठ्या वाहिनीवरच्या पाहुण्यापेक्षा एका बाबतीत अगदी वेगळा असतो, आणि माझे आजचे सगळे बोलणे त्या एका वेगळेपणाविषयी आहे. मोठ्या वाहिनीवर बोलून गेलेला मनुष्य श्रोत्यांना सहसा पुन्हा भेटत नाही. आपला पाहुणा मात्र स्टुडिओचा जिना उतरतो आणि ज्यांनी त्याला नुकतेच ऐकले त्यांच्यातच जाऊन मिसळतो. कमी शक्तीच्या एफएम प्रक्षेपकाचा आवाज काही किलोमीटरपर्यंतच नीट पोहोचतो, आणि मध्ये टेकडी आली तर तेवढाही पोहोचत नाही. ही मर्यादा आपण नेहमी कुरकुरत सांगतो. परंतु सांगणारा आणि ऐकणारा एकमेकांचे शेजारी असतात, हे या केंद्राचे खरे बळ त्या मर्यादेतूनच आलेले आहे.

या माध्यमाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. बोलिव्हियातील खाणकामगारांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या मजुरीतला वाटा देऊन स्वतःची केंद्रे चालवली. अमेरिकेतील बर्कली येथे 15 एप्रिल 1949 रोजी सुरू झालेले केपीएफए केंद्र जाहिरातींऐवजी श्रोत्यांच्या वर्गणीवर उभे राहिले. काठमांडूचे रेडिओ सगरमाथा 1997 मध्ये आणि आजच्या तेलंगणातील माचनूर येथील दलित स्त्रियांनी चालवलेले संघम रेडिओ 15 ऑक्टोबर 2008 रोजी सुरू झाले. या केंद्रांची परिस्थिती, भाषा आणि झगडे निरनिराळे होते, तरी ऐकणाऱ्यालाच बोलण्याचाही हक्क आहे ही धारणा सर्वांच्या मुळाशी होती. सकाळच्या कार्यक्रमातली पाहुण्याची खुर्ची म्हणजे या हक्काचे रोज दिसणारे रूप होय, आणि म्हणून त्या खुर्चीवर कोणाला बसवायचे हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

पाहुणा शोधताना आपण सवयीने पदाकडे पाहतो. अध्यक्ष, अधिकारी, तज्ज्ञ, उद्‌घाटक अशी नावे आधी सुचतात, कारण त्यांना बोलावणे सोपे असते आणि ते बोलतातही सफाईने. त्यांना बोलावू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु पाणीपुरवठा कोणत्या दिवशी बंद राहणार एवढीच गोष्ट जर त्यांच्याकडून कळणार असेल, तर निवेदक ती अर्ध्या मिनिटात वाचून दाखवू शकतो. माहिती सांगायला पाहुणा लागत नाही. ज्याच्या बाबतीत काही घडले, ज्याने ते स्वतः पाहिले आणि ज्याच्यावाचून ते दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही, असा मनुष्य पाहुणा म्हणून हवा.

अशा मनुष्याची पंचाईत अशी की आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे हेच त्याला पटत नसते. विजेच्या तारा दुरुस्त करणारे एक वयस्कर वायरमन आमच्या केंद्रावर आले होते. मी त्यांना विचारले, “तुमच्या कामाविषयी काय सांगाल?” ते म्हणाले, “काम जबाबदारीचं आहे. लक्ष देऊन करावं लागतं.” आणि थांबले. उत्तर खरे होते, सभ्य होते, आणि त्यात ते स्वतः कुठेच नव्हते. दोष माझ्या प्रश्नाचा होता. “कामाविषयी” विचारले की मनुष्य अभिप्राय देतो, आणि चारचौघांत देण्याचे अभिप्राय सगळ्यांचे जवळपास सारखे असतात. मग मी विचारले, “मोठं वादळ झालं त्या रात्री तुमचा फोन वाजला, तेव्हा तुम्ही कुठे होतात?” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “जेवायला बसलो होतो. पहिला घास हातात होता.” त्यानंतर पंधरा मिनिटे मला फारसे काही बोलावे लागले नाही. बॅटरीच्या उजेडात ओल्या खांबावर चढताना हातमोजे कसे निसटत होते, वरून पाहिले तेव्हा सगळी वस्ती काळीकुट्ट होती आणि फक्त एका खिडकीत मेणबत्ती हलत होती, पुरवठा सुरू झाल्यावर आधी दिवे दिसले आणि मग मुलांचा गलका खालून वर आला, असे सारे ते सांगत गेले. जबाबदारी हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही, आणि तरी ती काय असते हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळले.

विशिष्ट प्रसंगाविषयी विचारले की मनुष्याची भाषा बदलते, ही गोष्ट भाषाशास्त्रज्ञांनीही नोंदवली आहे. विल्यम लबॉव्ह यांनी 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमधील लोकांच्या बोलीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना अशी अडचण आली की ध्वनिमुद्रण यंत्र समोर दिसताच लोक जपून, सावरून बोलू लागत. त्यावर त्यांनी योजलेल्या उपायांपैकी एक प्रश्न असा होता की, आता आपण मरणारच असे वाटावे असा प्रसंग तुमच्यावर कधी आला होता का? त्या प्रसंगाची आठवण निघाली की सांगणारा यंत्राला विसरे आणि त्याची रोजची बोली परत येई. पुढे 1967 मध्ये लबॉव्ह आणि जोशुआ वॉलेट्स्की यांनी अशा तोंडी हकिगतींची रचना तपासली. स्थळकाळ, अडचण, तिचा शेवट हे भाग तर त्यांत असतातच, पण त्यांनी सर्वांत अधिक महत्त्व दिले ते सांगणाऱ्याला ही गोष्ट सांगावीशी का वाटते हे जिथून कळते त्या भागाला. तो भाग नसला की ऐकणारा मनात म्हणतो, “बरं, मग?” वायरमनच्या गोष्टीत खिडकीतली ती मेणबत्ती हाच तो भाग होता. तो प्रश्नांची यादी करून मिळत नाही. सांगणाऱ्याला तिथवर जायला अवधी द्यावा लागतो.

अवधी देणे हीच निवेदकाला सर्वांत जड जाणारी गोष्ट आहे. संभाषणात एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने सुरुवात करेपर्यंत किती वेळ जातो, याचा जगातील दहा भाषांचा तुलनात्मक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. भाषांनुसार थोडाफार फरक असला तरी हे अंतर सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, एवढेच निघाले. एवढ्या छोट्या अंतराची सवय असलेल्या आपल्या कानांना रेडिओवरची दोन सेकंदांची शांतता प्रचंड वाटते. केंद्र बंद पडले असे वाटेल, या भीतीने निवेदक घाईघाईने पुढचा प्रश्न टाकतो, आणि पाहुणा ज्या वाक्यापाशी पोहोचत होता ते वाक्य कायमचे हरवते. मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास करून दाखवले होते की शिक्षक उत्तरासाठी साधारण एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. स्टुडिओत मी हे कितीतरी वेळा अनुभवले आहे. पाहुण्याचे उत्तर संपल्यासारखे वाटल्यावर त्याच्याकडे पाहत, मान किंचित हलवत, मनात तीन आकडे मोजावेत. तिसऱ्या आकड्याच्या आसपास पुष्कळदा पाहुणा “म्हणजे झालं असं की” म्हणतो, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

गोष्ट ताजी राहण्यासाठी आणखी एक पथ्य पाळावे लागते. कार्यक्रमाआधी चहा घेताना पाहुण्याकडून सगळी हकिगत ऐकून घेऊ नये. हा मोह आवरणे कठीण असते, कारण निवेदकालाही उत्सुकता असते आणि थोडी धास्तीही. परंतु मनुष्य एखादी गोष्ट अर्ध्या तासात दुसऱ्यांदा सांगतो तेव्हा ती आटोपती घेतो. “मघाशी म्हटलं तसं” हे शब्द थेट प्रक्षेपणात आले की श्रोत्याला आपण उशिरा पोहोचल्यासारखे वाटते. म्हणून गोष्ट कोणत्या दिवसाची, तिच्यात कोण कोण आहे आणि कोणत्या विषयाला हात लावायचा नाही, एवढेच आधी जाणून घ्यावे.

माईकविषयी थोडेच सांगतो. पाहुणा माईकपासून साधारण एक वीत अंतरावर बसावा आणि माईक तोंडासमोर सरळ न ठेवता किंचित बाजूला ठेवावा, कारण आपल्या भाषेतील फ, भ, ख या महाप्राण अक्षरांबरोबर सुटणारा श्वास सरळ माईकवर आदळला की स्फोटासारखा आवाज येतो. हातातला कागद काढून घ्यावा. कागद सळसळतो म्हणून, आणि त्याहून अधिक, मनुष्य त्याच्यावरून वाचू लागतो म्हणून. स्वतःचा मुद्रित आवाज ऐकून पाहुणा दचकला तर त्याला सांगावे की आपला आवाज आपल्याला एरवी कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो भरदार वाटतो, आणि बाकीचे सगळे त्याला नेहमी असाच ऐकत आले आहेत.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. सकाळचा श्रोता बसून ऐकत नाही. तो दाढी करतो, मुलांची दप्तरे भरतो, गाडी पुसतो, कोणीतरी हाक मारली की खोलीबाहेर जातो आणि चार वाक्ये चुकवून परत येतो. त्यामुळे दर चार-पाच मिनिटांनी पाहुण्याचे नाव आणि गोष्ट कुठवर आली ते एका वाक्यात सांगावे लागते. मात्र हे वाक्य गोष्टीचाच भाग वाटावे, “तर रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि तुम्ही अजून त्या खांबावरच आहात” असे. शिवाय हा श्रोता एकटा ऐकतो. बीबीसीच्या भाषण विभागाच्या पहिल्या संचालिका हिल्डा मॅथेसन यांनी 1920 च्या दशकातच ओळखले होते की सभेतल्या भाषणाचा सूर रेडिओवर चालत नाही, कारण श्रोते हजारो असले तरी प्रत्येक जण आपल्या घरात बसून, आपल्याशीच कोणी बोलत आहे असे ऐकत असतो. पाहुण्याने “श्रोतेहो” म्हणून सुरुवात केली की मी त्याला हळूच सांगतो, “माझ्याशीच बोला, बाकीचे ऐकतील.”

परंतु बाकीचे ऐकत असतात याचा विसर मला एकदा पडला, आणि ती चूक मला आजही बोचते. एक बाई आपल्या लहानपणाविषयी बोलत होत्या. त्या मोकळ्या झाल्या होत्या, आवाज भरून आला होता, आणि कार्यक्रम उत्तम रंगतो आहे या आनंदात मी त्यांना भावाविषयी विचारले. त्यांनी घरातल्या वाटणीचे जुने भांडण सांगून टाकले. स्टुडिओत ते अत्यंत उत्कट वाटले. बाहेर मात्र तो भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहत होता, आणि त्याच्या शेजाऱ्यांनीही ते ऐकले होते. पुढे कित्येक दिवस त्या बाईंना ज्या नजरा झेलाव्या लागल्या, त्या माझ्या एका प्रश्नामुळे झेलाव्या लागल्या. तेव्हापासून कोणत्या विषयाला हात लावायचा नाही हे मी आधी विचारतोच. त्याशिवाय थेट प्रक्षेपणात पाहुणा नको त्या वाटेला वळतो आहे असे वाटले तर त्याला अडवून गाणे लावण्याची जबाबदारी माझी मानतो, आणि मुद्रित कार्यक्रम असेल तर दुसऱ्या दिवशी फोन करून काही वगळायचे आहे का हे विचारतो. पाहुण्याने संमती दिली होती एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. बोलण्याच्या भरात मनुष्य जी संमती देतो, ती त्याने घरी जाऊन, शांतपणे, पुन्हा दिली तरच खरी.

याचा अर्थ गोष्टी गुळगुळीत करून ऐकवाव्यात असा नाही. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी केंद्रावर 1952 पासून 1997 पर्यंत 45 वर्षे कार्यक्रम करणारे स्टड्स टर्केल नामवंतांइतक्याच आस्थेने साध्या कष्टकऱ्यांशी बोलत. ते एक प्रसंग नेहमी सांगत. एका गरीब वस्तीतल्या स्त्रीशी बोलून झाल्यावर, मुलांच्या आग्रहावरून, त्यांनी ध्वनिफीत तिला ऐकवली. आपलेच शब्द ऐकून तिने चकित होऊन तोंडावर हात ठेवला, आणि आपल्याला असे वाटत होते हे आपल्यालाच ठाऊक नव्हते, असे ती म्हणाली. बोलते करणे याचा मला कळलेला सर्वांत खोल अर्थ हाच आहे. त्या स्त्रीला जे सापडले ते तिचे होते. जगाला ऐकवण्याआधी ते तिला ऐकायला मिळाले, यातही मोठी सभ्यता होती.

वायरमनची गोष्ट संपली तेव्हा पुढच्या गाण्याला वेळ उरला नव्हता. ते उठता उठता मला म्हणाले, “हे काय, एवढंच तर होतं.” त्याच वेळी केंद्राचा फोन वाजला. एक वृद्ध बाई बोलत होत्या. त्या रात्री खिडकीत जी मेणबत्ती दिसली ती आमच्याच घरातली, असे त्या सांगत होत्या. सून अडली होती, डॉक्टरांना बोलवायला मुलगा गेला होता, आणि कोणी येताना घर ओळखावे म्हणून त्या मेणबत्ती घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या. मी त्यांना विचारले, पुढच्या आठवड्यात येऊन हे सांगाल का? त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मी मनात मोजत राहिलो. मग त्या म्हणाल्या, “मुलाला विचारते. नातवाला घेऊन आले तर चालेल ना?”