पोपटी मडक्यातली आणि चिकन ट्रेमधलं

नमस्कार मंडळी! थंडी पडली की अलिबाग, पेण, रोह्याकडे मुंबई-पुण्याचे पाहुणे येऊन टपकतात आणि येतात ते पोपटीसाठी, समुद्र काय बारा महिने आहेच. रायगडवाल्यांना पोपटी समजवायला नको, पण खाली मालवणपर्यंत ऐकणारी मंडळी आहेत म्हणून पटकन सांगते. भातकापणी झाली की जमिनीतल्या ओलीवर वाल होतो, त्याच्या भरलेल्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, आणि केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाला लावलेलं चिकन, सगळं एकाच मडक्यात, ओवा नि जाडं मीठ मारून, खाली-वर भांबुर्ड्याचा, म्हणजे उग्र वासाच्या एका रानझुडपाचा, पाला ठासायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. तेल नाही, पाणी नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र करून लगेच उडालं की झाली पोपटी.

मग हमखास कोणीतरी विचारतं, हे फ्लॅटमध्ये ओव्हनला होईल का हो? पोपटी नाही होणार, स्पष्टच सांगते, पण ट्रेमध्ये चिकन आणि कंद भाजता येतील, ते आज सांगते. मडक्यात वाफ कोंडलेली असते, पाल्याची, शेंगांची, चिकनची स्वतःची, त्यातच सगळं शिजतं. ट्रे असतो उघडा, तिथे वाफ उडून जायलाच हवी, कारण वरचं पाणी आटेपर्यंत चिकन शंभर डिग्रीच्या वर काही जात नाही आणि तेवढ्यात ते लाल खरपूस होत नाही, नुसतं उकडतं. म्हणजे मडकं भरायचं ठासून आणि ट्रे भरायचा विरळ. लोक नेमकं इथेच गडबडतात, पाव्हणे सहा आणि ट्रे एक, मग एकावर एक रचतात आणि खाली तळं होतं. दोन ट्रे घ्या ना, किंवा दोनदा लावा.

आता चिकन. दुकानात सोलूनच देतात, तर आधीच सांगा की लेगपीस चामडीसकट हवेत, तीच चामडी कुरकुरीत होते आणि तिची चरबी भाज्यांवर उतरते. गावठी कोंबडी ट्रेमध्ये घालू नका हो, ती चिवट राहील, तिचा मान रश्श्याला आणि वड्यांना. आलं-लसूण, हळद, लाल तिखट, ओवा आणि दोन चमचे कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला घट्ट रस, लावून तासभर ठेवा. आगळात मीठ असतंच, तेव्हा वरचं मीठ हात आखडून.

भाज्यांचं म्हणाल तर आपल्याकडे कंद काय कमी आहेत का? रताळी, कोनफळ, करांदे, नाहीतर साधा बटाटा. तेल-मीठ चोळून मोठे तुकडे ट्रेत पसरा आणि तापलेल्या ओव्हनमध्ये २०० डिग्रीला आधी पंधरा मिनिटं ते एकटेच जाऊ द्या, मग त्यांच्यावर चिकन, चामडी वर, आणि बाजूला कांद्याच्या जाड फोडी. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर उत्तमच, २०२२ मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, गोडवा आधीपासूनच होता. पुढे चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. हाडाजवळ सुरी खुपसून बघा, रस गुलाबी आला तर अजून ठेवा, थर्मामीटर असेल तर आत ७४ डिग्री लागलं पाहिजे. (लाईट मध्येच गेली तर दार उघडू नका, उष्णता धरून ठेवा, आली की वेळ वाढवा. आपल्याकडे हे सांगावंच लागतं!)

वालाच्या शेंगा मात्र उघड्यावर टाकाल तर वाळून चामट होतील. त्यांना केळीच्या पानाची पुडी करा, पान आधी गॅसवर शेकवलं की फाटत नाही, आत मीठ-ओवा, नि पुडी ट्रेच्या कोपऱ्यात ठेवा. ट्रेमध्ये मडक्याच्या जवळ जाणारं काही असेल तर ती पुडीच.

ओव्हनच नाही? बिडाची जाड कढई घ्या, कंद आधी झाकून शिजवा, मग चिकन चामडी खाली करून झाकण न लावता लाल करा, मग उलटवून झाकून मंद गॅसवर आत शिजू द्या. खाली जे तेल आणि रस उरतो तो बेसिनमध्ये ओतायचा नाही हां, तांदळाच्या भाकरीने तिथल्या तिथे पुसून घ्यायचा.