आत्याची रात्र

(दृश्य : रात्रीचे अडीच. मोरीत पिवळा दिवा. चिंचेच्या कोळाने तांब्या घासणारे हात.)

आमच्या आत्याला मी अशी भांडी घासताना पाहिलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. घरातलं सगळं पितळ तिने खाली काढलं होतं. चेहऱ्यावर थकव्याची रेघही नव्हती. "झोप कशाला हवी गं? केवढी कामं पडलीत!" ती म्हणाली. मोठी माणसं कौतुकच करत होती, काय उरक आहे म्हणून. पाचव्या दिवशी तिने हातातल्या पाटल्या काढून शेजारणीच्या हातात कोंबल्या, तेव्हा सगळ्यांना धडकी भरली.

डॉक्टरांनी आतोबांना पहिला प्रश्न विचारला तो पाटल्यांचा नव्हता. "झोप कधीपासून कमी झाली?" आतोबा बोटांवर मोजू लागले. भांड्यांच्याही आधी तीन रात्री.

आत्याला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी उन्मादात चढतं, तर कधी नैराश्यात बुडतं. तो उन्मादाचा झटका होता.

निद्रानाश झालेला माणूस झोपेसाठी तळमळतो, रात्रभर कूस बदलतो आणि सकाळी त्याचं अंग मोडून आलेलं असतं. उन्मादात मात्र झोपेची गरजच वाटेनाशी होते. दोन-तीन तास झोपूनही माणूस टवटवीत असतो, म्हणून घरच्यांना तो आजार वाटतच नाही. शिवाय जागरणाने उन्माद आणखी भडकतो. लग्नघर, रात्रपाळी, बाळंतपणानंतरच्या रात्री, निमित्त काहीही पुरतं. झोप तुटणं ही उन्मादाकडे नेणारी सामाईक वाट असावी, असं अमेरिकेतल्या थॉमस वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्येच मांडलं होतं.

(दृश्य : खिडकीबाहेर अजून अंधार. पलंगाच्या कडेला बसलेली बाई.)

नैराश्यात झोप वेगळ्या तऱ्हेने मोडते. अनेकांना पहाटे तीन-चारला टक्क जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. आपल्याकडे ज्याला साखरझोप म्हणतात, नेमकी तीच जाते. रात्रीच्या याच शेवटच्या प्रहरात स्वप्नांची झोप सर्वांत जास्त असते. बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात ती ही झोप, शिकागोमध्ये 1953 साली टिपली गेलेली. नैराश्यात ती बऱ्याचदा रात्रीच्या सुरुवातीलाच, वेळेआधी येऊन जाते.

आधी मन आजारी पडतं आणि मग झोप जाते, असंच बराच काळ मानलं गेलं. 1989 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ आठ हजार लोकांना वर्षाच्या अंतराने दोनदा प्रश्न विचारले होते. ज्यांची झोप दोन्ही वेळा बिघडलेली होती, त्यांना त्या वर्षात नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. पुढे 2017 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 26 विद्यापीठांतले 3755 विद्यार्थी घेतले आणि त्यांतल्या निम्म्यांच्या फक्त झोपेवर उपचार केले. झोप सुधारली, आणि तिच्यासोबत लोकांबद्दलचा अवाजवी संशय आणि नसलेलं दिसण्या-ऐकण्याचे भासही कमी झाले. थोडेच, पण मनाच्या औषधाला हात न लावता झाले. मला हे फार मोलाचं वाटतं.

हा उपचार म्हणजे गोळी नव्हे, सवयी आणि विचार बदलायची पद्धत आहे. त्यातला एक नियम आपल्या घरांतल्या शिकवणीच्या अगदी उलट आहे. आई सांगते, "डोळे मिटून पडून राहा." उपचार सांगतो, झोप येत नसेल तर अंथरुणातून उठा आणि डोळे जड झाले की मगच परत या. नाहीतर अंथरूण म्हणजे तळमळ, हेच शरीर शिकतं. याच पद्धतीत झोपेचे तास काही काळ मुद्दाम कमीही करतात. बायपोलर असलेल्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, जागरण त्यांच्यासाठी धोक्याचं असतं.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. चौकटींमध्ये पेन्सिलीचे बारीक आकडे.)

हे आत्याच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. रोज सकाळी चहाआधी आतोबा तिला विचारतात आणि चौकटीत झोपेचे तास लिहितात. सात. साडेसहा. सात. सलग दोन रात्री आकडा चारच्या खाली आला की ते डॉक्टरांना फोन करतात, आत्या कितीही "मला बरं वाटतंय" म्हणाली तरी. ज्यांच्याकडे असा डॉक्टर नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416 वर, दिवसरात्र, मराठीतही.

मागच्या मार्चमध्ये एका चौकटीत तीन लिहिलं गेलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. फोन झाला, औषधाचा डोस बदलला. त्यापुढच्या चौकटीत पाच आहे, मग साडेसहा. पितळी भांडी फडताळातच राहिली.