दुमडलेलं पान, हळदीचा डाग

अध्यक्ष महोदय, बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागांतून आणि थेट खानापुराहून सकाळची गाडी पकडून आलेल्या माझ्या बहिणींनो, आणि मागच्या दोन ओळींत बसलेल्या बंधूंनो,

आजचा विषय मला प्रश्न म्हणूनच दिला गेला. पाककृतींच्या मासिकांत नवऱ्यांना रस असतो का? निमंत्रण द्यायला आलेल्या ताई म्हणाल्या, "यात काय बोलायचं तासभर? नसतो म्हणायचं आणि खाली बसायचं." मला ते पटलं नाही. मी २७ वर्षं वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसले. कोण काय नेतं आणि ते कुठल्या अवस्थेत परत आणतं, हे माझ्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल. त्या टेबलावरून जे दिसलं तेच सांगणार आहे.

अंक परत आला की मी तो एकदा चाळते. पान फाटलंय का, मधलं कात्रण कुणी काढून घेतलंय का, हे बघावंच लागतं. दिवाळीत निघणारे पाककृतींचे विशेषांक तर महिनाभर एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतात. त्यांच्यावर दोन प्रकारच्या खुणा हमखास सापडतात. एक म्हणजे पानाचा दुमडलेला कोपरा. दुसरी म्हणजे हळदीचा, तेलाचा, नाहीतर भिजलेल्या पिठाचा डाग. सुरुवातीला मला दोन्ही एकच वाटायच्या. पुढे घरोघरची माणसं ओळखीची झाली, बोलणं होऊ लागलं, तेव्हा कळलं की बऱ्याच घरांत कोपरा दुमडणारा हात एक असतो आणि डाग पाडणारा दुसरा.

माझ्याच घरातलं सांगते. आमच्याकडे भिंतीवर 'कालनिर्णय' असतं. १९७३ साली ते निघालं आणि मराठी घरात पंचांगाची जागा त्याने घेतली. महिन्याचं पान उलटलं की मागे पाककृती असतात. आमचे यजमान महिना बदलायच्या आधीच पान उचलून मागे काय आहे ते वाचायचे. मोठ्याने वाचायचे, अगदी चवीने. "बघ की, किती सोपं आहे, आज हे करून बघ." मी करत आले. पुष्कळ वर्षं केलं. मला राग यायचा तो करण्याचा नव्हता. वाचताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यासमोर नारळ खोवणं, डाळ भिजवणं, खरकटी भांडी हे सगळं उभं राहायचं. एकच पान, पण आम्ही दोघं त्यावर दोन वेगळे मजकूर वाचत होतो. त्याला मी रस म्हणत नाही. ती फर्माईश झाली. दुमडलेला कोपरा म्हणजे छापील फर्माईश.

आता कुणी म्हणेल, पुरुषाला स्वयंपाकातलं कळतच नाही, तो तरी काय करील? हे मात्र मला मान्य नाही, आणि बेळगावात बसून तर नाहीच नाही. आपल्याकडे जुन्या घरांत बाजार कोण करतं? पुरुषच. रविवार पेठेत मिरचीच्या पोत्यात हात घालून, देठ मोडून, वास घेऊन रंगाला ब्याडगी किती आणि तिखटाला संकेश्वरी किती हे ठरवणारे माझे सासरे होते. तांदूळ तळहातावर घेऊन, एक दाणा दाताखाली धरून ते नवा की जुना सांगायचे. लग्नाचा आचारी पुरुष. शेतातल्या जेवणावळीला मटणाचा हंडा चुलवणावर चढवणारे पुरुष. जीभ आहे, नाक आहे, पारख आहे. चारशे माणसांचा अंदाज येतो आणि घरातल्या चौघांचा येत नाही, हे कसं मानायचं?

आणि लिहिण्याचंही तसंच. पाककृती लिहिणं हे बायकांचं काम, हे आपण मानतो ते अगदी अलीकडचं. आपल्याच सीमाभागातलं बसवकल्याण घ्या, बिदर जिल्ह्यातलं. ती कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य कसं करावं इथपासून हत्ती कसे पारखावेत इथपर्यंत त्यात सगळं आहे, आणि त्यातच अन्नभोगाचं एक प्रकरण आहे. त्यात 'मंडक' येतो. आपल्या बेळगावच्या मांड्यांचाच तो पूर्वज. म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारी एक राजा मांड्यांबद्दल लिहीत होता. मराठीत छापलेलं पाककृतींचं सर्वांत जुनं पुस्तक म्हणून ज्याचं नाव घेतात ते 'सूपशास्त्र', साल १८७५, लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते. तेही पुरुषच. आणि ज्या किर्लोस्करांचं पहिलं सायकलींचं दुकान आपल्या बेळगावात होतं, त्याच घराण्याने १९३० मध्ये 'स्त्री' मासिक काढलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर. बायकांनी काय वाचावं याचा विचार पुरुषांनी मनापासून केला, याबद्दल मला आदर आहे. पण लिहिणारा पुरुष, छापणारा पुरुष, खाणाराही पुरुष, आणि मधला चुलीजवळचा तास तेवढा बाईचा. तो मधला तास राजाच्या ग्रंथातही नाही.

त्या तासाचा हिशोब सरकारने २०१९ साली केला. देशभर घरोघर जाऊन माणसं दिवसभरात काय करतात याची पाहणी झाली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका शंभरात ८१ निघाल्या आणि पुरुष २६. जे करतात त्यांचा वेळ मोजला तर बाईची दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. नीट लक्षात घ्या, ही ९७ मिनिटं त्या २६ जणांची आहेत. उरलेल्या ७४ जणांचं त्या दिवसाचं शून्य आहे. आणि यात केरवारे, धुणीभांडी सगळं आलं, नुसता स्वयंपाक नव्हे.

इथवर ऐकून मागच्या ओळीतले बंधू चुळबुळ करायला लागले असतील. थोडं थांबा. आता मी जे सांगणार आहे ते तुमच्या बाजूचं आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक गृहस्थ सभासद झाले. परिवहन मंडळातून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे खानापूर तालुक्यातले, शिक्षण मराठी शाळेत. दिवाळीच्या आधी ते आले आणि म्हणाले, "बाई, सैपाकाचा अंक पायजे." मी नेहमीसारखं विचारलं, "वहिनींना हवाय का?" ते म्हणाले, "तिला मराठी वाचायला कुठं येतंय. मीच वाचणार, ती करणार."

त्यांच्या पत्नी बैलहोंगलकडच्या. शाळा चौथीपर्यंत, कन्नडमध्ये. मराठी अस्खलित बोलतात, वाचतात मात्र कन्नडच. 'सुधा', 'तरंग' ही कन्नड साप्ताहिकं घरी यायची, त्यातलं सगळं त्या करायच्या. अडचण अशी झाली होती की मुलाचं लग्न पुण्यातल्या मुलीशी झालं होतं आणि सून पहिल्या दिवाळीला घरी येणार होती. सासूबाईंना तिच्या माहेरच्या चवीचं काहीतरी करायचं होतं. तसं घर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. नवऱ्याची लिपी एक, बायकोची दुसरी, आणि ताट एकच.

चार दिवसांनी ते परत आले. अंक परत द्यायला नव्हे, विचारायला. पान उघडून बोट ठेवलं, "बाई, हे बघा. तेल सुटेपर्यंत परतावे. तेल सुटेपर्यंत म्हणजे किती मिनिटं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी जन्मभर तेल सुटेपर्यंत परतत आले आहे. मला ते दिसतं. कढईच्या कडेला मसाला आक्रसतो, चकाकी येते, आवाज बदलतो. पण किती मिनिटं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "वहिनींना विचारा की." ते म्हणाले, "तिनं सांगितलं, कळतंय आपोआप. मला कळंना, म्हणून आलो." मग त्यांनी आणखी शब्द विचारले. मोहन म्हणजे काय. पाक दोन तारी झाला हे कसं ओळखायचं. चवीपुरतं म्हणजे कुणाच्या चवीपुरतं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आमच्याकडचे जुने अंक काढले आणि पहिल्यांदाच एखाद्या नवख्या माणसाच्या डोळ्यांनी वाचले. माझ्या लक्षात आलं की आपली पाककृती अर्धीच लिहिलेली असते. उरलेली अर्धी आईने मुलीला दहाव्या वर्षापासून ओट्याशी उभं करून शिकवलेली असते, हे गृहीत धरलेलं असतं. त्या वयात मुलगा बाहेर खेळत असतो. पुढे तोच मुलगा मोठा होऊन अंक हातात घेतो तेव्हा त्याला अक्षरं वाचता येतात, पण मजकूर लागत नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि इतकं चाललं, त्याचं एक कारण मला तेव्हा उमगलं. त्यात वाटी आणि चमच्याची मापं होती. आईपासून लांब संसार मांडलेल्या मुलींना त्याचा आधार झाला, तसाच खोलीवर राहणाऱ्या मुलांनाही झाला. माप ज्याच्या हातात येतं त्याला आत यायची वाट मिळते.

म्हणून मासिकवाल्यांकडे माझी एक कळकळीची मागणी आहे. "मैत्रिणींनो" म्हणून सुरुवात करू नका. "यजमानांना खूश करा" असली शीर्षकं देऊ नका. आणि "तेल सुटेपर्यंत" हे जरूर लिहा, फार सुंदर शब्द आहेत ते, पण पुढे काय दिसतं, किती वेळ लागतो, हेही लिहा. दोन ओळी वाढतील, वाढू द्या.

मात्र यातून नवऱ्यांची सुटका होत नाही, हेही मला म्हणायचं आहे. शब्द कळले नाहीत म्हणून बाहेर बसलो, हे कारण चालणार नाही. ते कंडक्टर विचारायला आले. दोन बस बदलून आले. एका अनोळखी बाईसमोर, मोहन म्हणजे काय हे माहीत नाही, असं त्यांनी सांगितलं. साठी ओलांडलेल्या माणसाला ते सोपं नसतं. मी रस म्हणते तो हा. पान दुमडण्यापेक्षा तो वेगळा असतो आणि टेबलाच्या अलीकडून स्वच्छ ओळखू येतो.

पुढे त्यांनी मला त्या दिवसाची हकीकत सांगितली. पुणेरी भरली वांगी करायची ठरली होती. ते स्टुलावर बसून वाचत होते, वहिनी ओट्याशी. "गोडा मसाला दोन चमचे." "बरं." "गूळ सुपारीएवढा." इथे वहिनी थांबल्या. त्यांची एण्णगायी, म्हणजे कन्नड पद्धतीची भरली वांगी, त्यात कारळे, तीळ, शेंगदाण्याचा कूट आणि झणझणीत चटणी. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर खायची. वांग्यात गूळ? "अहो, नीट वाचा की. गूळच म्हणतंय ते?" यांनी पुन्हा वाचलं, गूळच. त्यावर बराच वेळ वाद झाला. यांचं म्हणणं, छापलंय तर घालायचं. त्यांचं म्हणणं, छापणाऱ्याला काय, खायचं आपल्याला. शेवटी वांगी दोन भागांत झाली. निम्मी गुळाची, निम्मी बिनगुळाची, आणि परतायला कढईपाशी हे उभे राहिले, कारण वहिनींचा खांदा धरला होता. कंडक्टरांनी घड्याळ लावलं. गाडी स्टँडवर किती मिनिटं थांबवायची हे ज्याने आयुष्यभर पाहिलं, त्याला ते सुचणारच.

सुनेने कुठली वांगी खाल्ली, हे मी विचारायचं राहिलं.

अंक परत आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे चाळला. पान बहात्तर. कोपरा दुमडलेला होता आणि दुमडीवरच हळदीचा अंगठा उमटला होता, रुंद, पुरुषाचा. "तेल सुटेपर्यंत" या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ आणि बाजूला बारीक मराठी अक्षरात लिहिलेलं: "११ मिनिटं. आच बारीक. कडेला बघावे." त्याच्या खाली दुसरं अक्षर, कन्नड लिपीतलं, थोडं थरथरतं. मला कन्नड वाचता येतं. लिहिलं होतं, "बेल्ल बेड." गूळ नको.

वाचनालयाच्या अंकावर कुणी काही लिहू नये असा आमचा नियम आहे. मी तो कडक पाळते, पेन्सिलीचं असेल तर खोडरबराने पुसते, शाईचं असेल तर दंड घेते. ते पान मी पुसलं नाही. अंक आज बरोबर आणलाय, तिथे टेबलावर ठेवलाय. चहाच्या वेळी ज्यांना बघायचं त्यांनी जरूर बघा.