मिसरूड फुटल्यावरचा मारिओ

मंडळी, लहान मुलांसाठी केलेले वाटणारे व्हिडिओ गेम मोठेपणी सुटतात का, हा आजचा विषय. पण आधी मामांची गोष्ट. तिच्याशिवाय माझं म्हणणं पुढे सरकणार नाही.

दहावीच्या सुट्टीत मी साताऱ्याला आजोळी होतो. टीव्हीला जोडायचा तो गेम तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. कॅसेट चालेना की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. एका दुपारी मामा जेवून उठले, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "मिसरूड फुटलं तरी पोरखेळ सुटेना!" वायर गुंडाळली, डबा माळ्यावर टाकला. मी जिन्यात बसून रडलो. त्या वाक्याचा राग मला आजही येतो. अहो, पडद्यावर उड्या मारणाऱ्या मारिओला तर मामांपेक्षा झुबकेदार मिशी होती! ती का होती तेही सांगतो. १९८१ साली जपानी गेमकार शिगेरू मियामोतोंनी हे पात्र रेखाटलं, तेव्हा चेहऱ्याच्या वाट्याला ठिपकेच इतके थोडे होते की नाक-तोंड नीट दिसेना. मिशी रंगवली, काम झालं. केस रेखाटणं अवघड, म्हणून टोपी.

गेल्या दिवाळीत १९८५ चा तोच 'सुपर मारिओ ब्रदर्स' मुलीला लावून दिला. सांगितलं काहीच नाही. मारिओ डावीकडे, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून ती उजवीकडे निघाली. समोरून भुवया चढवलेला तपकिरी प्राणी आला. धडकली, मेली. पुढच्या खेपेला उडी मारली, डोकं चौकोनावर आपटलं, आतून मशरूम निघालं. तेही त्या प्राण्यासारखंच दिसतं, म्हणून ही घाबरली. पण ते पुढच्या पाइपला आपटून उलट फिरतं आणि थेट अंगावर येतं. मारिओ मोठा झाला आणि ही ओरडली, "बाबा, हे चांगलं असतं!" तो पाइप तिथे मुद्दाम ठेवलाय, मंडळी. शाळेत असताना शेकडो वेळा मी तिथून गेलो, पण हे दिसलं आत्ता, मुलीच्या शेजारी बसल्यावर.

चिठ्ठी आली, तीनच मिनिटं उरलीत. मारिओत वेळेच्या घड्याळाचे शेवटचे शंभर आकडे राहिले की संगीत धावायला लागतं, तसं आता मलाही धावायला हवं.

माझं म्हणणं एवढंच, की ज्याच्यावर आपण 'मुलांचं' असा शिक्का मारतो, ते बहुतेकदा 'न सांगता कळेल' असं घडवलेलं असतं. ती कारागिरी पोराला नुसती उपयोगी पडते, मोठ्याला ती दिसते. १९९२ चा गोल-मटोल 'कर्बी'चा गेम मासाहिरो साकुराईंनी नवख्यांना शेवटपर्यंत जाता यावं म्हणून केला. नवखा तर पन्नाशीतही असतो. १९९६ च्या 'पोकेमॉन' या प्राणी गोळा करून झुंजवायच्या गेममागे तो घडवणाऱ्या सातोशी ताजिरींचा लहानपणी किडे गोळा करायचा नाद आहे, आणि त्यातला कोणता प्राणी कोणावर भारी पडतो याचं गणित मांडत मोठी माणसं स्पर्धेला उतरतात. काही खेळ सुटतात, हे कबूल. ज्यात नुसता बक्षिसांचा खुळखुळा वाजतो, ते सुटतात. पण ते मुलांनाही महिनाभरात नकोसे होतात.

मागच्या टेबलावर मारिओ जोडून ठेवलाय. चहा घेता घेता एकेकाने या. पहिल्या पाइपपर्यंतच खेळायचं, आणि शेजारच्याने काही सांगायचं नाही.